सहनशील ओनेतोर

लिसिला पाणवठ्यावरून आली ती थेट पुरुषांच्या दालनात घुसली. डोक्यावरचा भरलेला घडा तिने उंबऱ्यातच आपटला. घडा फुटला, पाणी आतवर गेलं.

आत तिचा नवरा, तत्त्वज्ञ ओनेतोर, मंचकावर डाव्या कोपरावर रेलून पडला होता. समोर चार शिष्य मेणाच्या पाट्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी अवघडून बसला होता तो कुंभारआळीतला लाम्पोन. ओनेतोरच्या मुलीला, मिकाला, त्याने आपल्या मुलासाठी मागणी घातली होती. आज साक्षीदारांपुढे बापाने ‘मुलगी दिली’ म्हणायचं, की सोयरीक पक्की.

अथेन्समध्ये घरची बाई परक्या पुरुषांसमोर येत नाही. शिष्यांनी माना खाली घातल्या आणि कान टवकारले.

“अहो,” लिसिला म्हणाली, “मी तुम्हाला कधी हातमागाच्या दांड्यानं बडवलं?”

“अगं, पाहुणे बसलेत.”

“पाहुण्यांसमोरच सांगा! पाणवठ्यावर बायका मला वाट करून देतात. मला वाटायचं, मोठ्या माणसाची बायको म्हणून मान देतात. घाबरतात म्हणे मला! मी म्हणे तुम्हाला घराबाहेर काढलं, आतून अडसर घातला, आणि तुम्ही बोकडाजवळ झोपलात. आपल्याकडे बोकड आहे?”

“पण गुरुजींनीच सांगितलं ना,” एक भाबडा शिष्य म्हणाला. “बोकडाकडून मी मौन शिकलो, असं. माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

लिसिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. का होऊ नये? संयमावर ओनेतोर नुसता बोलायचा, तेव्हा चौकात लोक जांभया देत. एकदा त्याने बायकोचा दाखला दिला आणि सगळा चौक खो खो हसला. तेव्हापासून दर महिन्याला बायको जास्त कजाग होत गेली आणि नवरा जास्त शहाणा. खरी बायको घरात गुपचूप लोकर कातत होती. तिला कुणी विचारायलाही आलं नाही.

लाम्पोन खाकरला. “वहिनी, खोटं कशाला बोलू, मी आज नाही म्हणायलाच आलो होतो. आमची ही ऐकतच नाही. म्हणते, तसल्या आईच्या हाताखालची पोर आणली तर आपल्या घरात एक भांडं शाबूत राहायचं नाही.”

“ते कळलंय मला. तुमच्या मोलकरणीनंच सांगितलं, सगळ्या बायकांच्या देखत.”

लाम्पोनने मान खाली घातली. मग तो ओनेतोरकडे वळला.

“देवीच्या मिरवणुकीत पोरानं तुमची मिका पाहिली, तेव्हापासून त्याचं चाकावर लक्ष नाही. तुम्ही एवढंच सांगा. हे सगळं खरं, की रचलेलं? रचलेलं म्हणा, आत्ता या चौघांसमोर सोयरीक करतो. बायकोचं मी बघून घेईन.”

चारही शिष्यांनी लेखण्या उचलल्या.

एका शब्दाचं काम होतं. अख्खं अथेन्स ज्याच्या तोंडाकडे बघतं, त्याला तो एक शब्द सापडेना. त्याने लिसिलाकडे पाहिलं. मग शिष्यांकडे पाहिलं. त्यातला थोरला त्याच्या सहनशीलतेची कीर्ती ऐकून कॉरिंथहून आला होता, बापाशी भांडून. तो गुरुजींकडे असा बघत होता, की देवळातल्या मूर्तीकडेही कुणी बघत नसेल.

ओनेतोर उठून बसला. खांद्यावरून घसरलेलं उपरणं त्याने नीट केलं.

“वादळ,” तो सावकाश म्हणाला, “बंदराची परवानगी घेत नाही. शहाण्यानं बंदर व्हावं.”

“वा!” थोरला शिष्य म्हणाला. चौघांच्या लेखण्या चालू झाल्या.

“हे काही उत्तर झालं नाही,” लाम्पोन म्हणाला.

“अहो, लेकीचं लग्न मोडतंय!” लिसिला ओरडली. “तुमचं बंदर घाला चुलीत! मी मारलं का तुम्हाला? हो की नाही? तोंड उघडा ना!”

तिचा आवाज फाटला. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. ओनेतोर हलला नाही. डोळे अर्धवट मिटून, चेहऱ्यावर मंद हसू ठेवून तो बसून राहिला, आणि शिष्यांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. ज्याच्याबद्दल इतके दिवस नुसतं ऐकलं होतं, ते आज डोळ्यांनी बघायला मिळत होतं.

लाम्पोनने तिच्याकडे पाहिलं. मग उंबऱ्यातल्या खापऱ्यांकडे. घडा त्याच्याच भट्टीतला होता.

“येतो मी,” तो म्हणाला आणि खापऱ्या ओलांडून निघून गेला.

“गुरुजी, बंदराच्या आधी काय म्हणालात?” भाबड्याने विचारलं. ओनेतोरने वाक्य पुन्हा सांगितलं. या खेपेला ते आणखी चांगलं जमलं.

लिसिला जिना चढून बायकांच्या खोलीत गेली. मिका जमिनीवर बसली होती. पुढ्यात एका फडक्यावर तीन मातीच्या बाहुल्या आणि एक चेंडू मांडून ठेवला होता. लग्नाआधी मुलीने आपली खेळणी आर्टेमिस देवीला वाहायची असतात. हात मोडलेली बाहुली द्यावी की न द्यावी, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

“आई, बाबा काय म्हणाले गं?”

लिसिला तिच्याजवळ खाली बसली.

“फार छान बोलले,” ती म्हणाली. “सगळ्यांनी लिहून घेतलं.”