बरणीवरचा त्रिकोण

सासरे साखरेची बरणी खिडकीपाशी घेऊन गेले आणि उजेडात फिरवून फिरवून बघायला लागले, तेव्हा सुनेला वाटलं, झालं, आता बोलणी खावी लागणार. त्यांच्या बंद पडलेल्या औषधांच्या दुकानातून तिने ती कालच न विचारता आणली होती. जांभळी काच तिच्या मनातच भरली होती.

पण सासरे रागावले नाहीत. यातली साखर कोणी कोणी खाल्ली, एवढंच त्यांनी विचारलं. लेकीने, चिमणीने, सकाळी दुधात घेतली आणि ती शाळेत गेली, सून म्हणाली. बाकी कोणी नाही. सासऱ्यांना साखर बंद होती, आणि तिला स्वतःला गोड चहा चालत नसे.

"का हो, बाबा?"

त्यांनी बरणीवर बोट टेकवलं. सगळी बरणी जांभळी, मधेच एवढा तुकडा पाण्यासारखा पांढरा. तीन कोनांचा.

ही काच मुळात पांढरीच, त्यांनी सांगितलं. स्वच्छ दिसावी म्हणून पूर्वी काचेत एक खनिज घालायचे, आणि वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की तेच तिला जांभळी करतं. दुकानातल्या फळीवर रोज दुपारभर ऊन असायचं. नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती तेवढ्याच जागी ते पोचलं नाही. आणि तिकोनी चिठ्ठी ते फक्त विषाच्या बरणीला लावत.

चिठ्ठीबिठ्ठी काहीच नव्हती हो, सून सांगायला लागली, बरणी रिकामी होती, गरम पाणी आणि साबण लावून धुतली. "तीनदा धुतली, बाबा. तीनदा."

"मग काही राहत नाही. काच विष धरून ठेवत नाही."

तिला ते पटेना. तेव्हा सासऱ्यांनी चमचा घेतला, शीग लावून साखर काढली आणि तिच्यादेखत तोंडात टाकली. दोन वर्षं ती त्यांच्यापासून साखरेचा डबा लपवत आली होती. आज तिला त्यांचा हात धरायचंही सुचलं नाही.

"बघ. गोडच आहे."

मग ते चमचा बशीत ठेवायला गेले. चाळीस वर्षं याच हाताने त्यांनी औषधं तोलली होती, कणभर इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं. चमचा बशीवर वाजायला लागला, थांबेचना. त्यांनी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"काही होत नाही," ते म्हणाले. "तरी तू शाळेत जाऊन ये."