सोळा डबे हलवा

निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी दुधीहलवा केला. तब्येतीसाठी म्हणून साखर चिमूटभर आणि मेथीची पूड वाटीभर! सोसायटीतल्या बाकीच्या सोळाही घरी स्वतः डबे पोचवले.

डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून कुणी चकल्या घालून दिल्या, कुणी लाडू. “बघ, लोकांना किती आवडला!” हे फुगून म्हणाले. घरात उरलेला हलवा मी “सावकाश खाते” म्हणून झाकून ठेवला.

आमच्या आवारातले दिवे घराघरांतल्या ओल्या कचऱ्यापासून होणाऱ्या विजेवर चालतात. एरवी नुसते मिणमिणतात. चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र असे लखलखले, की तळमजल्यावरचे आजोबा बाकावर बसून पेपर वाचायला लागले.

आम्हीही खाली उतरलो. “आज काय जादू केलीत?” ह्यांनी प्लांट सांभाळणाऱ्या भिवाजींना विचारलं.

“मी कसली जादू करतोय, साहेब? परवा सतराच्या सतरा घरांतून हलवा आला ना!”

“मी तर सोळाच डबे वाटले होते,” असं पुटपुटत हे माझ्याकडे वळले. आणि मेला उजेड इतका, की तोंड लपवायला कुठे अंधारच नव्हता.