पहिला फोन कयत्तारला

उन्मेषने फोन उचलला आणि सवयीने कयत्तारच्या पवनचक्क्यांचा नंबर लावू लागला.

चेन्नईवर सकाळपासून पाऊस रेंगाळत होता. घरोघरचे एसी निजले होते. श्रीपेरुंबुदूरचे कारखाने रविवारमुळे मुके होते. विजेची मागणी ओसरत चालली होती आणि दक्षिणेत तमिळ आडी महिन्याचा, आषाढातला वारा मात्र बेभान सुटला होता. कोळशाचे वीजसंच सोसेल तितके उतरवून झाले होते. ते पुरते विझवले, तर संध्याकाळच्या दिव्यांसाठी वेळेत पेटणार नव्हते. मागणीपेक्षा जास्त वीज जाळ्याला सोसत नाही; थांबवायचा तो वाराच. कुणाचा, हे वीजजाळ्याच्या या नियंत्रण कक्षात बसून उन्मेष ठरवी.

इतर पवनचक्कीवाले तमिळमध्ये भांडत. उन्मेषची तमिळ दोन वाक्यांतच धापा टाकू लागे. कयत्तारचा वादिराज मात्र आपल्या तंजावरी मराठीत म्हणे, "थांबवतों की, उन्मेषराव. जेवण झालं की नाहीं?" मग घटकाभर गप्पा. "बायको तमिळ, मुलं इंग्लिश," तो हसून सांगे. "आई गेली तेव्हांपासून माझी मराठी देवापुढेंच." नाशिक सोडल्यापासून उन्मेषशी इतक्या मायेने कोणी बोलले नव्हते. म्हणून पहिला फोन नेहमी त्याला.

"पुन्हा कयत्तार?" कक्षप्रमुख लावण्या मॅडम मागे उभ्या होत्या. "न फिरलेल्या पात्यांचे पैसे कोणी देत नाही, उन्मेष. या मोसमात सगळ्यांत जास्त तेच थांबलेत. मालक बंद करायला निघालाय, तिथल्या माणसांसकट. तो बिचारा नाही म्हणत नाही, म्हणून दर वेळी त्याचाच बळी?"

उन्मेषने अर्धा लावलेला नंबर पुसला.

त्याने दुसरे नंबर लावले. मोडक्या तमिळमध्ये विनवले, शिव्या खाल्ल्या. एकाने तर त्याच्या उच्चारांची नक्कल करून दाखवली. पण थोडा थोडा करीत वारा वाटून थांबला. पडद्यावरची मागणी-पुरवठ्याची रेघ सावरली.

मगच त्याने कयत्तारला फोन केला.

"बोला, उन्मेषराव. किती थांबवूं?"

"एकही नाही, वादिराजराव. आज तुमची सगळी पाती फिरू द्या. आता सगळ्यांची पाळी लावतोय. तुम्हाला सारखा फोन येणार नाही."

पलीकडे पात्यांचा घुमारा ऐकू येत होता.

"एक तरी थांबवतों की," वादिराज हळूच म्हणाला. "फोन ठेवूं नका."