मूठभर लेंड्या

बलभीमने शांताक्काच्या गोठ्याच्या कुडातून हात आत घातला आणि मूठभर लेंड्या उचलल्या.

फार चाचपडावंही लागलं नाही. गोठा नेहमीसारखा झाडून लख्ख होता आणि कुडालगतच ढिगारा होता, काळाभोर, दवाने ओला. आतली एक शेळी फुरफुरली. बलभीमने लेंड्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत भरल्या, झाकण दाबून लावलं आणि तेरणेच्या काठाने घराकडे निघाला. तांबडं फुटत होतं. शीळ घालावीशी वाटत होती, पण त्याने मोह आवरला.

आज बोकड त्याच्या दारात येणार होता.

गावातल्या शेळीपालक गटाला एक जातिवंत उस्मानाबादी बोकड मिळाला होता. काळा कुळकुळीत, रुबाबदार. ज्याच्या कळपात जंत सगळ्यात कमी, त्याच्या दावणीला तो बांधायचा. दोघांचं सारखं निघालं तर मोठा कळप असेल त्याचा मान, असं गटाने ठरवलं होतं; आणि गावात सगळ्यात मोठा कळप बलभीमचाच होता. तपासायला जनावरांची डॉक्टर हर्षाली येणार होती. प्रत्येकाने आपापल्या गोठ्यातल्या ताज्या लेंड्या डबीतून आणायच्या, एवढंच तिने सांगितलं होतं.

आजवर गावात पैदाशीचा बोकड एकट्या बलभीमकडे होता. कुणाची शेळी माजावर आली की त्याच्याच दारात उभं राहावं लागे. तो आधी चहा पिई, मग अंघोळ करी, मग बोकड सोडी. हा मान दुसऱ्याच्या दारात गेलेला त्याला सोसणार नव्हता.

पण त्याच्या दोन शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलं होतं. त्या मऊ फुगवट्याचा अर्थ त्याला कळत होता. औषध आणावं, तर चावडीवर सगळ्यांदेखत तोच म्हणाला होता, "जंत गरिबाच्या शेळीला होत्यात. माझ्या गोठ्यात पाऊल टाकायची त्यांची छाती न्हाय!"

शांताक्काची रीत वेगळी होती. दव सुकल्याशिवाय ती शेळ्या चरायला सोडत नसे, कारण जंतांची पिल्लं ओल्या गवतावर चढून बसतात असं हर्षालीने तिला सांगितलं होतं. शेळीची खालची पापणी उलटून बघायची. आतून पांढरी पडली असेल तिलाच औषध पाजायचं. बलभीम तिला 'पापणीवाली' म्हणून चिडवायचा.

कालच संध्याकाळी ती माजावरची शेळी घेऊन आली होती. त्याने तिला दिवेलागणीपर्यंत ताटकळत ठेवलं.

"उद्यापास्नं नवा बोकड बी इथंच," तो मिशीला पीळ देत म्हणाला. "दोन दोन नवरदेव! तुझ्या शेळ्यांची चैनच हाय. सकाळी लवकर उठतीस का गं तू?"

"उजाडल्यावर उठते की." शांताक्काने शेळीची दोरी हाताला गुंडाळली. "दादा, जाताना पाटीभर लेंड्या न्हेऊ का? वांग्याला खत कमी पडलंय."

"न्हे की! माझ्या लेंडीनं वांगं नारळाएवढं हुतंय. तुझ्या औषधी लेंडीवर काय, गोळ्या उगवायच्या!"

ओसरीवर बसलेला गोरोबा हलगीवाला खो खो हसला. मिरवणुकीचं ठरवायला बलभीमनेच त्याला बोलावलं होतं. शांताक्काही हसली. डोक्यावर पाटी घेऊन, शेळीला ओढत ती निघून गेली.

आता चावडीच्या कट्ट्यावर हर्षालीने सूक्ष्मदर्शक मांडला होता. बलभीम कडक पांढरा सदरा आणि फेटा घालून आला. मागे गोरोबा जाळावर हलगी तापवत होता. परातीत गुलाल तयार होता. बोकड लिंबाखाली बांधलेला.

हर्षाली एकेका डबीतल्या लेंड्या कुटून मिठाच्या दाट पाण्यात कालवत होती. "जंतांची अंडी हलकी असतात, वर तरंगतात," ती म्हणाली. "वरचा थेंब काचेवर घेतला की गोठ्यात काय चाललंय ते कळतं."

कुणाच्या डबीत थोडी अंडी, कुणाच्या डबीत बरीच. शांताक्काची डबी आली तेव्हा हर्षालीने बराच वेळ डोळा लावून ठेवला.

"एकही सापडत नाही," ती शेवटी म्हणाली.

माणसं कुजबुजली. बलभीमने मात्र मनापासून मान डोलावली. "छान, छान. आता आमची बघा."

हर्षालीने त्याचा थेंब बघितला. मग दुसरा घेतला. तिसऱ्या काचेनंतर तिने मान वर केली.

"दादा, मोजता येत नाहीत इतकी आहेत."

"शक्यच न्हाय!" बलभीम ओरडला. "त्या लेंड्यांत जंत असूच शकत न्हाईत! त्या तर…"

"त्या तर काय?"

बलभीमने फेटा सावरला. "डब्या बदलल्या असतील."

"ही तंबाखूची डबी तुमच्याशिवाय कुणाची? शंका असेल तर आत्ता तुमच्या गोठ्यावर जाऊ. शेळ्या धरा, मी माझ्या हाताने लेंड्या काढते."

जबड्याखाली पाणी उतरलेल्या दोन शेळ्या बलभीमच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"नगं," तो म्हणाला. "तुमाला कशाला तरास."

"मग औषध मात्र आजच पाजा. अजून सगळ्या वाचतील."

बोकडाची दोरी शांताक्काच्या हातात गेली. गोरोबाने बलभीमकडे बघितलं, मग हलगीकडे. "आता तापलीय दादा. गार कशी होऊ देऊ?" आणि त्याने असा ठेका धरला की बायका फुगड्या घालायला लागल्या. बलभीमच्या परातीतला गुलाल शांताक्काच्या कपाळावर, बोकडाच्या शिंगांवर, अख्ख्या चावडीवर उधळला गेला.

मिरवणूक बलभीमपाशी आली तेव्हा शांताक्का थांबली. तिने त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिमूटभर गुलाल टाकला.

"शेळी माजावर आली की खुशाल आणा दादा. ताटकळत ठिवणार न्हाय." मग ती जरा पुढं झुकली आणि तिने आवाज खाली आणला. "आन काल तुमच्याकडनं न्हेलेली पाटी म्या कुडापाशीच वतली व्हती. सकाळी बघते, तर मूठभर लेंड्या कमी!"