बांधावरचा ब्लॉक

“याला हात लावायचा नाही!” मयुरी भंगारवाल्याच्या गाडीसमोर आडवी उभी राहिली. “हा ब्लॉक कुणा एकाचा नाही.”

भंगारवाला गाडी ढकलत पुढे गेला.

खोटं नव्हतं ते. मयुरीच्या आजोबांनी, पितांबर आबांनी, दोन पोरांत वाटणी केली तेव्हा घर, वावर, बैल, बठ्ठं वाटलं गेलं. विहिरीवरचं डिझेल इंजिन तेवढं सामायिक राहिलं. पुढे विजेची मोटार आली. इंजिनाची चाकं गेली, पिस्टन गेला, आणि उरला हा नुसता बिडाचा ब्लॉक, दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात. थोरला जितेंद्र विकू म्हणाला की धाकटा नवल नको म्हणायचा. नवल विकू म्हणाला की जितेंद्र अडायचा. तोवर कोंबडीनं त्याच्या भोकात अंडी घालायला सुरुवात केली होती.

मयुरी जितेंद्रची, पुनम नवलची. दोघी दहावीत, पारोळ्याच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. पेरणी आली की मात्र बाक वेगळे.

कारण दरसाल पेरणीच्या तोंडावर दोन वावरांच्या मधल्या बांधावरचा खुणेचा दगड सरकलेला असायचा. जितेंद्र ओरडायचा, दगड माझ्या वावरात घातला. नवल ओरडायचा, माझ्या वावरात घातला. मग दिवाळीपर्यंत दोन घरांचं बोलणं बंद, आणि पोरींनाही तंबी.

“या वर्षी नाही हं,” पुनम म्हणाली. “मला एकटीला गणित सुटत नाही.”

“मी सोडवते ना हे पण गणित!” वक्तृत्वात नंबर आल्यापासून मयुरी कुणाला भीत नव्हती. ती ब्लॉकवर चढून उभी राहिली, आणि तिथंच तिला सुचलं. “ए पुने! दगडाच्या जागी हाच पुरला तर?”

“हा? हा तर हत्तीला हलायचा नाही.”

“तेच तर!”

पुनम हसली, मग ब्लॉकला टेकली. “पण माझे पप्पा म्हणतात, दगड मोठे पप्पाच सरकवतात.”

“माझे पप्पा? अगं, गावात सगळ्यात जास्त तेच ओरडतात. चोर कधी एवढा ओरडेल का? ते कुणाचं बोटभर घेणार नाहीत. आईची शप्पथ!”

पुनमनं तिच्याकडे नीट पाहिलं. “तू म्हणतेस ना? मग बस.”

संध्याकाळी मयुरीनं दोन्ही भावांना ओट्यावर बसवलं आणि स्पर्धेत उभी असल्यासारखं भाषणच ठोकलं. जितेंद्र ऐकता ऐकता सरळ होऊन बसला.

“डोकं पहा मनी पोरनं!” त्यानं लेकीच्या कौतुकानं मांडीवर थाप मारली. “दगडाचं काय, पहार लावली की एकटा माणूस सरकवतो. याला चौघं लागतील, अन् बठ्ठं गाव पाहील.”

नवल पुढे सरकून बसला. “पहिले मोजनी करी लेऊ भाऊ. मंग ब्लॉक.”

“मोजनीवाला कवय येई? पेरनी निंघी जाई. अन् भाऊभाऊमा सरकार कसाले?”

“मोजनीले भ्यास का तू?”

“तूच टाळी ऱ्हायना! चांगलं काम व्हई ऱ्हायनं ते पाहावत नही तुले.”

आवाज चढायला लागले. मयुरीला वाटलं, झालं, हे वर्षही गेलं. काकाच टाळतोय, हे तर उघड दिसत होतं. तिनं पुनमला कोपर मारलं.

“पप्पा,” पुनम पुढे झाली, “राहू द्या ना मोजणी. मयुरीनं शप्पथ घेतली आहे.”

“कोणी घेतली? पोरीनं की बापानं?”

“माझ्यासाठी, पप्पा.”

नवल लेकीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी काढून गुडघ्यावर झटकली. “बरं. दगड शे तठेच ठेवा.”

दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरमागे बांधून ब्लॉक वावरात नेला. खड्डा कंबरभर खणला. दगड होता बरोबर त्याच जागी ब्लॉक उतरला, भोवती सिमेंट-खडी ओतली. नवलच्या बायकोनं, दिपमालाकाकूनं, हळदकुंकू वाहिलं. नवलनं नारळ फोडला. मयुरीची आई कुंदाबाई मात्र आलीच नाही. डोकं दुखतं म्हणाली. जितेंद्रनं भावाला खोबरं भरवलं, तेव्हा काकूनं डोळ्यांना पदर लावला.

“आता वर्षभर एकच बाक,” पुनम जाताना कानात म्हणाली. “थँक्यू हं, वक्तृत्ववाली.”

नवलचं घरदार बांधानं दूर गेलं. जितेंद्र एकटाच सिमेंटवर पाणी मारत राहिला, पार कडेकडेपर्यंत, एवढं मन लावून त्यानं कधी कपाशीलाही पाणी दिलं नसेल. मयुरीला त्याचं कौतुक वाटलं. तिला अजून एक शाबासकी हवी होती.

“पप्पा, आता काकाला काही करता यायचं नाही ना?”

“काका?” जितेंद्र हसला. “त्या भोळ्यानं काय केलंय?”

“म्हणजे?”

त्यानं ओला हात पँटला पुसला आणि लाडानं तिच्या डोक्यावर ठेवला.

“पोरी, दरसाल तो दगड नवलच्या वावरात सरकवता सरकवता माझी पाठ मोडायची, तू पुनमला पटवलंस आणि माझं काम कायमचं करून दिलंस.”