झडपेची किल्ली

अधिक महिन्याचं वाण द्यायला लेक-जावयाला बोलावलं होतं, म्हणून आईने अनारसे केले होते. हेमांगीने चौथा घास गिळला आणि आत कुणी दार ओढून घ्यावं तसं काहीतरी मिटलं. शेजारच्या पाटावर विश्वजितच्या खिशात मोबाइल वाजला.

"झाला तुझा कोटा," तो हसत म्हणाला.

वजन उतरवण्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या जठराच्या तोंडाशी झडप बसवली होती. ती मोबाइलवरून उघडायची, आणि 'किल्ली कोणाकडे' या रकान्यात विश्वजितने स्वतःचं नाव लिहून टाकलं होतं. पस्तीस किलो उतरले. आधी लोक तिच्या ताटात डोकवायचे, आता नवरा थेट पोटात डोकवत होता.

"अहो, मला भूक आहे अजून."

"मग उखाण्यात नाव घे. छान घेतलंस तर एका घासापुरती उघडतो."

मावश्या खुदखुदल्या. हेमांगीच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण आवाज चढला नाही.

"पोट माझं, भूक माझी, किल्ली यांच्या खिशात,
हाती येत नाही तोवर नाव नाही ओठांत."

हसू थांबलं. "अगं, गंमत केली," म्हणत विश्वजितने अनारशाकडे हात नेला.

सात वर्षांत जावयाला कधी उलटून न बोललेल्या आईने त्याच्यापुढचं ताट उचललं.

"लेकीची किल्ली लेकीला द्या, जावईबापू," ती म्हणाली. "मग वाढते."