जादाची सायकल

तुळशीदासने कांद्याच्या चाळीतून दुसरी सायकल बाहेर काढली, तेव्हा ज्योत्स्नाला वाटलं, झालं, आज ही सायकल कुणाला तरी देऊन टाकणार. हेल्मेटचा पट्टा लावता लावता ती थांबली.

“कुणाला द्यायला काढली?”

“कुनाला न्हाई.” त्याने पायजम्याचं टोक मोज्यात खोचलं. “मी येतो संगं.”

अंगणात अजून अंधार होता.

या सायकलीवरून घरात वर्षभर वाजत होतं. ज्योत्स्नाने बारीक टायरची नवी घेतल्यावर जुनी कुणाला तरी देऊन टाकावी, असं त्याचं म्हणणं. ती ऐकत नव्हती. पंक्चर काय, इथं गावात, खोडदमध्येच निघतं. पण नवीचा एखादा भाग गेला तर तो पुण्याहून येईस्तोवर आठवडा जातो. सायकल आजारी पडली म्हणून पायांनी घरी बसायचं, हे तिला पटत नव्हतं. म्हणून दर रविवारी जुनीच्या टायरात हवा, चेनीला तेल. “माझ्या गुडघ्यांना कधी लावलंस एवढं तेल?” असं तो विचारायचा. सासूबाईंचं, म्हणजे कोंडाबाईंचं, मत त्याहून थोडक्यात होतं. “बूड एक आन् सायकली दोन.”

गेल्या आठवड्यापासून मात्र भांडण सायकलीचं राहिलं नव्हतं. रोज पहाटे तिच्याबरोबर सायकल मारणाऱ्या उज्ज्वलाच्या पडवीतून बिबट्याने कुत्रं उचललं, आणि उज्ज्वलाने येणं बंद केलं. वनखात्याची गाडी भोंगा लावून सांगून गेली, अंधारात एकट्याने बाहेर पडू नका. उजाडायची वाट पाहावी तर सकाळीच नारायणगावला दवाखान्यात ड्यूटी. मग सराव कधी करायचा? पुढच्या महिन्यात दोनशे किलोमीटरची राईड होती. गेल्या वर्षी ज्योत्स्ना अजून आळेफाट्याच्या अलीकडेच होती, आणि राईडला दिलेली वेळ संपली. यंदा तिला वेळेत पोचायचं होतं. काल तुळशीदासने फाटकाला कुलूप घातलं, तर ज्योत्स्ना सायकल खांद्यावर टाकून घासाच्या वाफ्यातून बाहेर पडली.

“तुम्हाला झेपंल का?” तिने विचारलं.

“नारायणगावच्या कॉलेजला काय विमानानं जात व्हतो?”

“त्याला तीस वर्षं झाली.”

“मंग? तवाबी दोनच चाकं व्हती.”

तो सीटवर बसला. गुडघे कोपरांना लागले. त्या अवतारात तो एवढा गंभीर दिसत होता, की ज्योत्स्नाला हसू आलं आणि तिने ते गिळलं.

“उतरा.” सीटचा खटका सैल करून तिने ती चार बोटं वर ओढली, पुन्हा घट्ट केली, वर एक थाप मारली. “बसा आता. आणि पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, तोंडावर पडाल.”

कोंडाबाई ओट्यावर येऊन बसल्या होत्या. लेकाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“रस्त्यानं भांडत जावा रं,” त्या म्हणाल्या. “तुमचा आवाज आयकला तर बिबट्या पार आळ्याला पळंल.”

कालव्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस होता. ज्योत्स्नाचे पाय सवयीने चालू लागले. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर त्याचा दिवा कुठच्या कुठे, पेंगल्यासारखा हलत होता. ती थांबली. तो आला. पुन्हा निघाली, पुन्हा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा तिने पाय रस्त्यावर टेकला तेव्हा ती पुरती चिडली होती.

“अहो, असं चाललं तर माझा सराव काय व्हायचा? दर वळणाला तुमची वाट बघू का?”

“कुनी सांगितलं वाट बघाया?” त्याला धाप लागली होती. “तू जा की तुझ्या नादात. मी हाय मागं.”

“मागं राहून काय उपयोग तुमचा?”

“बिबट्या मागच्याला धरतो,” तो म्हणाला. “समदे म्हनत्यात.”

कांद्याला पाणी कधी द्यायचं ते सांगावं, तशा आवाजात त्याने ते सांगितलं आणि मफलरने मान पुसली.

उसात वारा शिरला, पानं खसखसली. दोघांनीही तिकडे पाहिलं. काही नव्हतं. ज्योत्स्नाने मग त्याच्याकडे पाहिलं. मोज्यातून पायजमा सुटून घोट्यावर आला होता. दोन्ही मुठी ब्रेकवर आवळलेल्या. आणि चेहरा असा, की आता याला घरी जा म्हणून सांगणं म्हणजे आणखी एक वर्षभराचं भांडण.

“पुढं व्हा,” ती म्हणाली.

“आन् मंग तुला धरलं तर?”

“मला धरायचं तर त्याला पळावं लागंल. व्हा पुढं.”

तो कुरकुरत पुढे झाला. लगेच चढ लागला. त्याचं पॅडल जड झालं, हँडल डुगडुगायला लागलं. आता हा उतरणार, असं वाटलं. ज्योत्स्नाने सायकल त्याच्या बाजूला घेतली, एक हात हँडलवर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या पाठीला लावला. तिच्या मांड्या भरून आल्या. एवढा जड तिला हा चढ कधीच लागला नव्हता.

“काय करतीस गं?” तो ओरडला.

“सराव,” ती म्हणाली, आणि तिने जोर लावला.